डोंगर सावकाश कोसळतो

परग्रहावरचा कडा उभा करायला फारसं काही लागत नाही. थर्मोकोलचे उरलेले तुकडे, राखाडी रंग, थोडी वाळू, वर चिकटवलेले प्लास्टरचे दगड आणि तिरपं ऊन. अर्ध्या मीटरचा तो ढिगारा कॅमेरा जमिनीलगत ठेवून पाहिला, की डोळा खुशाल त्याला डोंगर म्हणतो. मग दिग्दर्शकाला हुक्की येते की हा कोसळला पाहिजे. तिथे बिंग फुटतं. दगड टपाटप खाली येतात आणि डोंगराचा पुन्हा ढिगारा होतो.

लहान वस्तू डोळ्याला ओळखू येते ती तिच्या घाईवरून. अर्ध्या मीटरवरून सुटलेला दगड साधारण 0.32 सेकंदात जमीन गाठतो, 50 मीटरवरून सुटलेल्याला 3.2 सेकंद लागतात. उंची शंभरपट, वेळ दहापट. सगळा वर्गमुळाचा हिशेब. म्हणून सेकंदाला 240 फ्रेम टिपायच्या आणि 24 च्या गतीने दाखवायच्या. आता खिशातले कितीतरी फोन हे करतात. फक्त प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला उजेड फार थोडा येतो. त्यामुळे पैसे नसलेल्यांचा स्टुडिओ म्हणजे एप्रिलच्या दुपारची गच्ची. इतका प्रखर दिवा भाड्याने कुठे मिळायचा, आणि तोही फुकट!

हीच कळ दादासाहेब फाळक्यांनी उलटी फिरवली होती. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 साली, त्यांनी वाटाण्याची वाढ दिवसांमागून दिवस थोडीथोडी टिपली आणि पडद्यावर रोप बघता बघता वर आलं. भांडवल उभं करायला ते चित्र उपयोगी पडलं. मला याची फार गंमत वाटते. पुढे पडद्यावर लंका जाळणाऱ्या या माणसाचा पहिला चमत्कार कडधान्याचा होता.

पाणी मात्र या हिशेबाला जुमानत नाही. कितीही हळू दाखवा, थेंब थेंबाएवढाच राहतो. पृष्ठताणाला तुमच्या चित्रपटाचं काय पडलंय? बादलीतला समुद्र बादलीतलाच दिसतो. शहाण्याने समुद्र टाळावा आणि पाण्याला ढगांच्या कामाला लावावं. 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' (1977) साठी डग्लस ट्रम्बुल यांच्या चमूने तेच केलं. काचेच्या टाकीत खाली खारं पाणी, वर गोडं, आणि त्यात सोडलेला पांढरा रंग. दोन पाण्यांच्या सीमेवर रंग अडला, पसरला, फुगला आणि वादळ दाटून आलं. आपल्याला माशांची रिकामी टाकी आणि किलोभर जाडं मीठ पुरतं. खाऱ्या पाण्यावर प्लास्टिकचा कागद तरंगत ठेवून गोडं पाणी हलकेच त्यावर ओतायचं, मग कागद श्वास रोखून काढून घ्यायचा. रंगाऐवजी दूध. गवळ्याने पाणी घातलेलं असेल तर उत्तमच, इथे त्याच्याशी भांडण नाही.

जॉन कारपेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी विद्यार्थी असताना सुरू केलेल्या 'डार्क स्टार' (1974) मधला परग्रहवासी म्हणजे किनाऱ्यावर खेळायचा हवेचा चेंडू, खाली पंजे लावलेला. हवेच्या चेंडूला वजनाचं सोंग जमत नाही. त्या दोघांनी त्याच्याकडे भीती मागितलीच नाही, विनोद करून घेतला. भीती ओबॅननने पुढे 'एलियन' (1979) लिहून सव्याज वसूल केली.

राहता राहिली धूळ. कडा पडल्यावर वाळूचा लोट उठवला तर तो लगेच खाली बसतो, आणि इतका हिशेब करून मिळवलेले तीन सेकंद वाया जातात. पिठासारखी बारीक, रेंगाळणारी धूळ हवी. हॉलिवूडवाले त्यासाठी फुलर्स अर्थ वापरत आले. आपल्याकडे तीच मुलतानी माती म्हणून किराणा दुकानात मिळते. ती उधळताना नाकाला रुमाल बांधावा. आणि घरातल्या कुणाच्या डब्यातून न विचारता उचलली असेल, तर नवा पुडा निर्मितीखर्चात धरावा.