झवेरी बाजारांतील हिऱ्यांची पारख

मुंबादेवीच्या देवळाजवळच्या गल्ल्यांतून झवेरी बाजारांत शिरणाऱ्या पाहुण्यास प्रथम वैभवाचें दर्शन घडत नाहीं. घडतें तें गर्दीचें. हातगाड्या, डोक्यावर ओझें घेतलेले हमाल, चहाच्या पेल्यांची तबकें नेणारीं पोरें, आणि या सर्वांतून पिशवी छातीशीं धरून वाट काढणाऱ्या गृहिणी. १९९३, २००३ आणि २०११ या तीनही सालीं या भागानें बॉम्बस्फोट सोसले. तरी दुकानें पुन्हां उघडलीं आणि तराजू पुन्हां हलूं लागले. पेढ्यांसमोरची धूळ झाडून नेऊन तिच्यांतून सोन्याचे कण धुऊन काढणारे लोकही येथें आहेत. ज्या बाजारांत केरालाही गिऱ्हाईक मिळतें, तेथें आपण नुसत्या विश्वासावर खरेदी करावी, हें कांहीं पटत नाहीं.

आमच्या घरीं येत्या मार्गशीर्षांत पुतणीचें लग्न आहे. सासूबाईंनीं आपल्या पाटल्यांची जोडी काढून दिली आणि ती मोडून नातीला हिऱ्याच्या कुड्या कराव्या, असें सांगितलें. पन्नास वर्षें हातांत राहिलेल्या त्या पाटल्या एकदां मुशींत गेल्या कीं गेल्या! तेव्हां त्यांच्या बदल्यांत जें घरांत यावयाचें तें स्वतःच्या डोळ्यांनीं पारखून घेऊं, असें थोरल्या जाऊबाईंचें म्हणणें पडलें, आणि पुतणीला घेऊन आम्ही दोघी सकाळच्या डेक्कन क्वीननें निघालों.

पहिल्या दुकानांत थंडावा होता, चहा होता आणि आर्जव तर फारच होतें. काळ्या मखमलीवर मांडलेले खडे असे कांहीं चमकत होते कीं जाऊबाई क्षणभर बोलायच्याच थांबल्या. परंतु छताकडे पाहतांच त्या चमकेचें अर्धें श्रेय कोणाचें तें कळलें. लहान लहान तीव्र दिवे नेमके त्या तबकावर रोखलेले होते! अशा दिव्यांखालीं चांगल्या पैलूंची कांचसुद्धां झगमगते. म्हणून तबक दाराशीं नेऊन, थेट ऊन नसलेल्या उजेडांत खडे पाहावे. रंग पाहावयाचा तर सुटा खडा पांढऱ्या कागदाच्या घडींत पालथा ठेवून बाजूनें पाहावा. वरून पाहिल्यास पैलूंची चमक पिवळेपणा झांकून टाकते. अमेरिकेंतील जीआयए या संस्थेनें रूढ केलेल्या श्रेणींत डी हें अक्षर अगदीं रंगहीन खड्यास, आणि तेथून झेडपर्यंत पिवळटपणा वाढत जातो. कुड्या पिवळ्या सोन्यांत करावयाच्या असल्या तर आय किंवा जे श्रेणीचा खडाही छान शोभतो. वरच्या अक्षरांसाठीं जादा पैसे मोजण्यांत मला तरी शहाणपण दिसत नाहीं.

यानंतर भिंग. दहा पट मोठें दाखविणारें भिंग मागतांच विक्रेत्याच्या चेहऱ्यावरील हास्य किंचित् आवरलें. पण तें मिळालें. भिंग डोळ्याशीं अगदीं टेकवून धरावें आणि खडा चिमट्यांत धरून बोटभर अंतरावर आणावा. पुष्कळजणी उलट करतात आणि कांहीं दिसलें नाहीं म्हणून सोडून देतात. आंत ठिपके, ढग, पिसासारख्या चिरा दिसतात. मधल्या काळ्या ठिपक्यानें शोभा थोडी उणी होते, पण कडेपर्यंत पोंचलेली चीर अधिक वाईट. तेथें धक्का बसला तर खडा उडण्याची भीति. पुतणीचे डोळे तरुण. एक खडा तिरपा करून पाहतां पाहतां ती म्हणाली, “काकू, ह्याच्या मागच्या बाजूच्या कडा दुहेरी दिसताहेत.” हिऱ्याच्या कडा एकेरीच दिसतात, दुहेरी दिसतात त्या मॉइसनाइटच्या. विचारतां, तो नमुन्याचा खडा चुकून तबकांत आला, असें सांगून विक्रेत्यानें तो उचलला. आम्हीही उठलों.

घरगुती परीक्षांवर मात्र फार विसंबूं नये. कांचेवर ओरखडा काढण्याची परीक्षा स्फटिकही उतरतो. खड्यावर फुंकलेली वाफ लवकर विरली तर हिरा म्हणतात, पण मॉइसनाइटवरूनही ती लवकरच विरते. आपल्या वराहमिहिरानें तर बृहत्संहितेंत उत्तम हिरा पाण्यावर तरतो असें लिहिलें आहे. त्याच्या विद्वत्तेविषयीं पूर्ण आदर राखूनही सांगावें लागतें कीं हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड, तो बुडतोच.

आणि आतां असा एक हिरा आला आहे कीं त्याच्यापुढें भिंगही हात टेकतें. १९५५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें कृत्रिम हिरा तयार केल्याचें जाहीर केलें. आज तसे हिरे सुरतेस कारखान्यांत वाढतात. तोच कार्बन, तोच कठीणपणा, तेंच तेज. खाणींतला कोणता आणि कारखान्यांतला कोणता, हें प्रयोगशाळेंतील यंत्रेंच सांगूं शकतात. भाव मात्र कितीतरी कमी, आणि मोडीचा भाव त्याहून पडेल. “तोच कार्बन, तर मग तो कां नको?” असें पुतणीनें विचारलें. जाऊबाई म्हणाल्या, “तुला हवा तर घे, पण आजीला तसं सांगून घे.” मला दोघींचेंही पटलें. कारखान्यांतला हिरा घेण्यांत कमीपणा नाहीं. तो खाणींतल्याच्या भावानें गळ्यांत पडूं नये, इतकेंच. पुतणीनें थोडा विचार करून खाणींतलाच घ्यावयाचें ठरविलें.

दुसऱ्या पेढीवरील वृद्ध गृहस्थांनीं न सांगतां तबक खिडकीशीं नेलें. मधल्या दोन मोठ्या खड्यांच्या कडेवर लेसरनें कोरलेला क्रमांक भिंगांतून दाखविला. पुतणीनें तो प्रमाणपत्राशीं आणि संस्थेच्या संकेतस्थळावरील नोंदीशीं ताडून पाहिला. हॉलमार्क हा सोन्याचा दाखला आहे, खड्याचा नव्हे, हेंही त्यांनीं आपण होऊन सांगितलें. सोन्याचा कॅरट शुद्धतेचा आणि हिऱ्याचा वजनाचा, दोनशें मिलिग्रामचा. त्याचे शंभर सेंट. दहा दहा सेंटांचे दहा खडे मिळून एक कॅरट भरतो खरा, पण त्यास एका सबंध कॅरटच्या खड्याचा भाव देणें म्हणजे शुद्ध फसगत. शिवाय दागिन्याच्या वजनांतून खड्यांचें वजन वजा न केल्यास हिऱ्याचे पैसे देऊन वर तेंच वजन सोन्याच्या भावानेंही घेतल्यासारखें होतें.

म्हणून सुटे खडे आमच्यासमोर तोलून, प्रत्येकाचे सेंट व खाणींतला असल्याचा उल्लेख आम्हीं पावतीवर लिहवून घेतला. कुड्या तीन आठवड्यांनीं तयार होतील; तेव्हां त्या पुन्हां आमच्यासमोर तोलावयाच्या, आणि कडेवरचे क्रमांक कोंदणाखालीं झांकले नाहींत ना, तें पुतणीनें पाहावयाचें, असें ठरलें आहे.