रांग आणि रेघ

स्नोबोर्डिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ढगळ पँट, हेल्मेटवर चार स्टिकर्स, हवेत दोन-तीन गिरक्या घेणारा एखादा पोरगा आणि खाली आरडाओरडा करणारे त्याचे मित्र. बरोबर? जाहिरातींत तेच दिसतं. पण याच खेळाचं एक सख्खं भावंड आहे, ज्याला फारसं कुणी विचारत नाही. त्यात उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. पायात स्कीइंगला घालतात तसले प्लास्टिकचे टणक बूट, खाली एक अरुंद, लांबुडका बोर्ड आणि काम एकच. बर्फावर रेघ ओढायची. टोकदार पेन्सिलीने ओढावी तशी बारीक, सलग, नागमोडी रेघ. याला म्हणतात हार्डबूट कार्व्हिंग. आणि २०१८ पासून हे माझं वेड आहे.

थांबा, आधी ओळख करून देते. मी मूळची डोंबिवलीची. नोकरी अमेरिकेत, डेन्व्हरला. सॉफ्टवेअरमध्ये, आणखी कुठे! २०१४ साली दोन बॅगा घेऊन इथे आले आणि यथावकाश ग्रीन कार्डच्या रांगेत उभी राहिले. नोकरीच्या कोट्यातली जी ग्रीन कार्ड्स दरवर्षी निघतात, त्यात एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात. भारतातून अर्ज मात्र ढिगाने. त्यामुळे ही रांग म्हणजे डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर ८ वाजून काही मिनिटांची फास्ट लोकल येईल म्हणून उभं राहावं आणि इंडिकेटरच बंद असावा, तशातला प्रकार.

या रांगेचा एक साइड इफेक्ट असतो. तुम्ही आयुष्यात काहीच पक्कं करत नाही. सोफा घ्यायचा? नको, उद्या परत जावं लागलं तर? कुंड्या आणायच्या? राहू दे. माझ्या हॉलमध्ये चार वर्षं दोन फोल्डिंगच्या खुर्च्या होत्या. पाहुणा आला की एक त्याला, एक मला. दुसरा आला तर तो उशीवर. 'एकदा कार्ड आलं ना, मग बघू' हा माझा लाइफ फंडा!

तर, २०१८ चा जानेवारी. ऑफिसमधल्या देशी ग्रुपबरोबर कॉपर माउंटनला गेले होते. डेन्व्हरहून साधारण १२० किलोमीटर. वाटेत रॉकी पर्वताच्या पोटातून जाणारा आयझेनहॉवर बोगदा लागतो, तोच मुळी ३,४०० मीटरच्या आसपास उंचीवर. त्यापुढे हे रिसॉर्ट. मला तोवर भाड्याच्या मऊ बुटांवर जेमतेम, पाटी घसरवत खाली यायला जमत होतं. सकाळी चेअरलिफ्टमधून खाली बघत होते, तर कोऱ्या उतारावर एक रेघ. सगळ्यांच्या खुणा फराट्यासारख्या, आणि ही एकच अशी कापल्यासारखी. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

वर पोचल्यावर रेघवाला दिसला. साठी ओलांडलेले गृहस्थ, जुनाट जॅकेट. पुढच्या लिफ्टला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. (मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणायला लागले. आपल्याकडे दुसरा इलाज नसतो.) विचारलं, इतकं बारीक वळता कसं? ते म्हणाले, "मी वळतच नाही. मी फक्त कलतो. वळायचं काम बोर्ड करतो."

वळायचं नाही, कलायचं

आता यातली गंमत समजून घ्या. स्नोबोर्डच्या दोन्ही लांब कडांना पोलादी धार असते आणि त्या कडा सरळ नसतात, आतल्या बाजूला किंचित वाकलेल्या असतात. म्हणजे बोर्डचं टोक आणि शेपूट रुंद, कंबर बारीक. समजा हा बाक ११ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा आहे. बोर्ड धारेवर कलवला आणि वजनाने दाबला की तो धनुष्यासारखा वाकतो आणि आपोआप गोल जायला लागतो. जितकं कलाल तितकं वळण लहान. ६० अंश कललात की तेच वर्तुळ साधारण निम्म्यावर, साडेपाच मीटरवर येतं. आणि पायांवरचा भार? जवळजवळ दुप्पट! म्हणजे आपल्याच वजनाचं एक माणूस खांद्यावर बसवून वळल्यासारखं.

एरवी आपण वळतो ते घसरत. बोर्ड आडवा करायचा आणि पोळीवर तूप पसरावं तसा बर्फ फासत जायचं. कार्व्हिंगमध्ये घसरणं नाहीच. बोर्डचं टोक ज्या खाचेतून जातं, त्याच खाचेतून शेपूट बाहेर येतं. म्हणून रेघ.

मग हे मऊ बुटांवर होत नाही का? होतं, पुष्कळ लोक छान करतात. पण बोर्ड जितका अरुंद तितका तो या धारेवरून त्या धारेवर पटकन जातो. नेहमीचा बोर्ड कंबरेत २५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, आमचा १८ ते २१. एवढ्याशा पाटीवर पावलं आडवी ठेवली तर बोटं आणि टाचा बाहेर लोंबणार, बोर्ड कलला की बूट बर्फाला घासणार आणि धार सुटणार. म्हणून दोन्ही पावलं ५५ ते ६५ अंश पुढे वळवायची, जवळजवळ नाकासमोर. अशा उभं राहण्यात घोट्याला बाजूने आधार हवा, तो टणक बूट देतो. बुटाखाली धातूच्या प्लेटा, पुढे-मागे पोलादी कड्या. तुम्ही गुडघा दोन बोटं हलवलात तरी ते थेट धारेपर्यंत पोचतं.

हे सगळं काकांनी मला एका लिफ्टच्या प्रवासात सांगितलं. वर इशाराही दिला. हे सामान भाड्याने मिळत नाही, मऊ बुटांवरचं अर्धं शिक्षण विसरावं लागेल, नीट जमायला दोन-तीन मोसम जातील.

मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. इथे किती वर्षं राहीन, तेच माहीत नाही हो.

ते म्हणाले, "वर्षांचं कुणी विचारलंय? या मोसमात किती शनिवार आहेस?"

मी मोजले. अकरा.

"पुरे झाले," ते म्हणाले.

अकरा शनिवार

त्यांच्या गॅरेजमध्ये १६३ सेंटिमीटरचा जुना बोर्ड होता, तो त्यांनी दिला. बूट मी सेकंडहँड मिळवले. नवे घ्यायचे तर डीलक्स, यूपीझेड अशी मोजकीच नावं आणि नवा बोर्ड म्हणजे हजार डॉलरच्या पुढचा मामला. आमच्या कोलोरॅडोमध्येच डोनेक नावाची छोटी कंपनी ऑर्डरप्रमाणे बोर्ड बनवून देते, पण तेव्हा माझी उडी गॅरेजपर्यंतच होती.

पहिले काही शनिवार मी फक्त पडले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पाय मोडला तर कोण करणार तुझं?"

"अगं, इन्शुरन्स आहे."

"इन्शुरन्स वरणभात करून घालणार आहे का?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पण पडण्यापेक्षा अवघड भलतंच होतं. तुम्ही उतारावरून आडवे चालला आहात. डोंगर एका हाताला, दरी दुसऱ्या. आता वळायचं म्हणजे आधी डोंगराकडची धार सोडायची आणि दरीच्या बाजूला, रिकाम्या हवेत, अंग झोकून द्यायचं. नवी धार बर्फ पकडेल, पण ती पकडते तुम्ही कलल्यावर. आधी नाही! शरीर म्हणतं, आधी गॅरंटी दे, मग कलते. बोर्ड म्हणतो, आधी कल, मग गॅरंटी. आणि अर्धवट कलण्याला इथे किंमत शून्य. धड रेघ नाही, धड ब्रेक नाही, नुसता फराटा.

चार वर्षं फोल्डिंगच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला हे ऐकवणं म्हणजे टोमणाच की!

त्याच फेब्रुवारीत प्योंगचांगचं ऑलिंपिक होतं. एस्तेर लेडेत्स्का या झेक मुलीने १७ तारखेला स्कीवर सुपर-जी जिंकली, तीही सेकंदाच्या शंभराव्या भागाने. आणि २४ तारखेला टणक बूट घालून स्नोबोर्डची पॅरलल जायंट स्लॅलमही. स्की आणि स्नोबोर्ड दोन्हींत एकाच ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारी ती पहिलीच. (२०२२ साली बीजिंगला तिने स्नोबोर्डचं सुवर्ण राखलंही.) तिची शर्यत मी किती वेळा पाहिली असेन! डोळे पुढच्या फाटकावर आणि अंग आधीच कललेलं. धार पकडली का, हे ती खाली वाकून बघत बसत नव्हती.

नवव्या शनिवारी मला पहिलं वळण मिळालं. बोटांच्या बाजूचं, एकच. आवाज बदलला. खरखर थांबली आणि कात्रीने कापड कापताना येतो तसा आवाज आला. थांबून मागे पाहिलं. रेघ होती. जेमतेम दहा-बारा मीटर, पण माझी. टाचेच्या बाजूचं वळण यायला मात्र पुढचा मोसम उजाडला.

मागे बघा, मागे!

हा खेळ सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. आम्ही उताराची पूर्ण रुंदी वापरतो, कधी वळण इतकं गोल होतं की थोडं वरच्या दिशेनेही येतो. मागून येणाऱ्याला याचा अंदाज येत नाही. सगळीकडचा नियम असा की खाली असलेल्याचा हक्क पहिला, सांभाळायचं वरून येणाऱ्याने. पण नियम पाठीला डोळे देत नाही. दुसऱ्या मोसमात एक स्कीवाला माझ्या शेपटीला निसटता घासून गेला. ऐंशी किलोचा माणूस, सुसाट! दोघंही उभे राहिलो, दोघंही पांढरे पडलो. तेव्हापासून प्रत्येक वळणाआधी खांद्यावरून वर नजर टाकते आणि उतार मोकळा होईपर्यंत कडेला थांबते. काकांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं, त्या दिवशी ते हाडात गेलं.

म्हणून सकाळची वेळ बेस्ट. रात्री ग्रूमर मशीन्स उतार सारखे करून जातात, त्यावर कॉर्डुरॉय पँटवर असतात तशा उभ्या रेघा उमटतात. साडेआठला पहिली लिफ्ट पकडायची. अकरा वाजेपर्यंत गर्दीने सगळं उकरून ठेवलेलं असतं. मग आमचं दुकान बंद, कॉफी सुरू.

२०२३ मध्ये आई आली होती. खाली लॉजच्या काचेमागे थर्मास घेऊन बसली. मी तीन फेऱ्या मारून आले तर म्हणते, "वरून खाली काढत आलीस ती तूच ना? छान आहे. पण उद्या राहील का गं?"

म्हटलं, रात्री मशीन फिरतं. सगळं पुसतं.

"मग काय, आमच्या सडा-रांगोळीसारखंच. रोज पुसायची म्हणून कुणी काढायची थांबलंय का?" आणि थर्मासमधला चहा ओतायला लागली.

आमची जमात

आम्ही किती आहोत? अख्ख्या दिवसात दुसरा टणक बूटवाला दिसला तर आम्ही लांबून हात करतो, यावरून ओळखा. १९९८ साली नागानोला स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा हाफपाइपबरोबर जायंट स्लॅलमही होती. पण ग्लॅमर गेलं उड्यांकडे, आणि टणक बूट उरले शर्यतवाल्यांकडे आणि आमच्यासारख्या हट्टी लोकांकडे. युरोपात आणि जपानमध्ये परिस्थिती जरा बरी. स्वित्झर्लंडच्या झिनालमध्ये तर वळताना अख्खं अंग बर्फावर आडवं टाकायची 'एक्स्ट्रीम कार्व्हिंग' ही शैलीच रुजली. तिथे जायचं माझं ठरलंय. 'एकदा कार्ड आलं की' असं नाही, पैसे साठले की.

हो, आणि तो सोफा. २०१९ च्या मार्चमध्ये घेतला. उगाच काही गहन कारण काढू नका. शनिवारी संध्याकाळी मांड्या इतक्या भरून यायच्या की फोल्डिंगच्या खुर्चीवर बसवेना! पण घेतला खरा, आणि तीन माणसांचा घेतला.

तुमच्यापैकी कुणी कामानिमित्त किंवा हनिमूनला आल्प्स, रॉकीज असं कुठे गेलात, तर एक करा. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या चेअरलिफ्टमधून खाली बघा. फराट्यांमध्ये एखादी बारीक, सलग रेघ दिसली तर तिच्या मालकाला वर गाठा आणि कसं करता ते विचारा. आम्हाला कुणी विचारत नाही हो, त्यामुळे विचारलंत की आम्ही गॅरेजपर्यंत नेऊन बोर्डसुद्धा दाखवतो. काकांचा तो १६३ चा बोर्ड आता माझ्या ऑफिसमधल्या एका नागपूरच्या मुलीकडे आहे. तिचा व्हिसा दोन वर्षांचा आहे म्हणून ती काचकूच करत होती.

मी तिला एवढंच विचारलं, या मोसमात शनिवार किती?