एकचाकीची पारख

नवी वस्तू घ्यावयाची असली, म्हणजे पदरी पैसे असले की काम भागते. जुनी वस्तू घ्यावयाची तर पैशांच्या जोडीला डोळे, कान आणि थोडा धीर लागतो. त्यातही ती वस्तू चारचौघांकडे न आढळणारी असली, तर विचारूच नका! शिरूरच्या एका सातवीतल्या मुलाला हे कळले, ते एका एकचाकी सायकलीपायी.

हा छंद त्याला पुण्यात जडला. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची एके काळी ख्याती होती. तेथे विक्रम पेंडसे यांनी 2017 साली जुन्या सायकलींचे एक संग्रहालय उभारले. आजोबांबरोबर तो ते पाहावयास गेला. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली, मधोमध दुमडणारी बीएसए सायकल पाहून तो हरखून गेला. परतताना आजोबांनी त्याला आणखी एक नवल सांगितले. 1870 नंतरच्या काळात विलायतेत पुढचे चाक भलेमोठे आणि मागचे चिमुकले अशा सायकली धावत. पायंडले त्या मोठ्या चाकालाच जोडलेली असत. मागचे चाक उचलले गेले, तरी तोल सावरता येतो, हे कोणाच्या तरी ध्यानी आले आणि त्यातूनच एकचाकी जन्मली, असे मानले जाते. आपल्याकडे विष्णुपंत छत्रे यांनी 1880 साली सर्कस काढली. पुढे गावोगावच्या लोकांना एकचाकीची ओळख झाली, ती अशा सर्कशींच्या तंबूंतूनच.

झाले! मुलाच्या मनाने एकचाकीच घेतली. शिरूरच्या दुकानांत ती मिळेना, म्हणून त्याने जुनीचा शोध आरंभला. पंक्चर काढणारे, आठवड्याच्या बाजारात जुने सामान मांडून बसणारे, रस्त्याकडेचे भंगारवाले, सर्वांना तो पुसू लागला. “एकचाकी आहे का?” असे विचारले की “नाही” हे उत्तर ठरलेले असे. मग त्याने प्रश्न बदलला. “सर्कशीतली, एका चाकाची, बिनचेनची सायकल कुठं कोपऱ्यात पडलेली पाहिलीय का?” असे विचारताच माणसे आठवू लागली. अखेर एका पंक्चरवाल्याने सांगितले, “दौंडला एका भंगारवाल्याकडे आहे बघ.”

दौंड हे तर त्याचे आजोळ. भीमेकाठचे हे गाव रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. तेथेच आजोबांनी रेल्वेत डब्यांच्या तपासणीचे काम केले होते. हातोडीने चाकावर टोला मारावा आणि नाद ऐकावा. नाद खणखणीत निघाला तर ठीक, बद्द निघाला तर चाकात चीर असण्याचा संशय घ्यावा, हे ते तरुणपणी शिकले होते.

दोघे दुकानी पोहोचले. एकचाकी लालभडक रंगात झळकत होती. मागणी होती 1,500 रुपयांची. दोन दिवाळ्यांच्या भाऊबिजेचे तेवढेच पैसे मुलाच्या खिशात होते. त्याचा हात खिशाकडे गेला, परंतु आजोबा म्हणाले, “थांब बाळ. रंग नवा आहे, सायकल नव्हे.”

प्रथम त्यांनी माप पाहिले. चाक वीस इंची, शिकाऊ मुलाला साजेसे. बैठकीवर बसून पायंडल तळाशी नेले, की पाय जवळजवळ सरळ होत होता. मग सायकल उलटी करून त्यांनी चाक फिरवले आणि रिमेजवळ बोट स्थिर धरले. चाक किंचित डुलत होते. “थोडे आउट आहे; तारा कसल्या की निघेल,” ते म्हणाले. चिमट्यावर तळहात ठेवला, तेव्हा छर्रे कुरकुर न करता फिरत असल्याचे जाणवले.

नंतर चाक घट्ट धरून त्यांनी मुलाला दोन्ही क्रँक हलवावयास सांगितले. डावा क्रँक टकटक वाजला. “साध्या सायकलीत पाय थांबले, तरी फ्रीव्हीलमुळे चाक फिरत राहते. इथे चेनही नाही आणि फ्रीव्हीलही नाही. पुढे ढकलणे, थांबवणे, मागे घेणे, सारा ताण क्रँकच्या जोडावर येतो. हा झिजला आहे. पण बदलता येईल.”

शेवटी त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने चिमट्याचा माथा पुसला. लाल रंगातून गंजाची एक तांबूस, केसाएवढी बारीक रेघ उमटली. ती चीर होती. दुकानदार म्हणाला, “बाबा, वेल्डिंगचा टाका मारला की झालं. पाचशे कमी द्या.”

आजोबा नातवाकडे वळले. “टाका बसेल, पण शेजारून पुन्हा तडकण्याची भीती राहील. सारा भार याच एका माथ्यावर असतो. पैसे तुझे, पायही तुझे. तूच ठरव.”

मुलाने त्या लाल सायकलीकडे खूप वेळ पाहिले. मग मान हलवून तो चालू लागला. दारापर्यंत जाऊन मात्र तो थबकला. “काका, दुसरं कुणी घ्यायला आलं, तर त्याला ही चीर दाखवाल ना?”

दुकानदार काही बोलला नाही. त्याने रेघेवरून अंगठा फिरवला, पाना आणला, चाक आणि बैठक सोडवली आणि चिमटा वजनावर विकावयाच्या लोखंडाच्या ढिगावर भिरकावून दिला. “या दोन वस्तू चारशेला ने,” तो म्हणाला, “त्यांत खोट नाही.”

ते चाक आता आजोबांच्या पडवीत खुंटीला टांगलेले आहे. तारा कसून त्याचा आउट निघाला असून क्रँकही नवा बसला आहे. उणीव आहे ती एका निर्दोष चिमट्याची. शिरूर आणि दौंड येथील भंगारवाले आता त्या मुलाला ओळखतात. तो दुकानात शिरला की भाव विचारण्याआधी खिशातून रॉकेलचा बोळा काढतो.