हेडलाइटचा हिशेब



आज स्वयंपाकघरातलं काही नाही, गाडीच्या दिव्यांविषयी लिहिणार आहे. "काकू, तुम्ही आणि हेडलाइट?" असं म्हणाल. पण त्या गाडीत शेजारच्या सीटवर गेली बारा वर्षं मीच बसते आहे.

गेल्या पौषात आम्ही दोघं कुंभोज-बाहुबलीहून सांगलीला परत येत होतो. सूर्यास्ताआधी तिथेच जेवण उरकलं होतं, पण नणंदबाई भेटल्या आणि निघायला अंधार झाला. जयसिंगपूर मागे पडलं आणि डावा दिवा दोनदा फडफडून विझला. उसाचे दिवस. कडेला एक भरलेली ट्रॉली उभी होती, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. "अहो, ट्रॉली!" एवढंच मी ओरडले. यांनी गाडी उजवीकडे घेतली. उसाचे शेंडे माझ्या बाजूच्या आरशाला घासून गेले. अंकलीच्या पुलापर्यंत आम्ही कोणीच बोललो नाही. मी मनात णमोकार म्हणत होते.

हे दिवे मुलाने बसवलेले. वडिलांना रात्री कमी दिसतं म्हणून दिवाळीला आला तेव्हा हौसेने एचआयडीचं किट घातलं. पांढराशुभ्र, निळसर उजेड. पहिल्या दिवशी हे लहान मुलासारखे खूश झाले होते. पुढच्याच पावसाळ्यात डावा बंद पडला. नंतर उजवा गुलाबी दिसू लागला. दर वेळी दुरुस्ती केली, कारण मुलाने प्रेमाने दिलेली वस्तू काढायची कशी?

त्या रात्रीनंतर मीच यांना आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडे घेऊन गेले. त्यांनी समजावून सांगितलं, "वहिनी, या बल्बमध्ये तार नसते. झेनॉन वायूतून ठिणगी पेटवायला बॅटरीच्या 12 व्होल्टचे क्षणभर वीस हजारांवर व्होल्ट करावे लागतात. ते काम बॅलास्ट करतो. त्यात पाणी शिरलं, नाहीतर तो स्वस्तातला असला की दिवा असा दगा देतो. आणि गुलाबी झाला म्हणजे बल्बचं आयुष्य संपत आलं." कंपनीतूनच एचआयडी असलेल्या गाड्यांचं तसं नाही, त्यांची काचच त्यासाठी घडवलेली असते. आमच्या गाडीचा रिफ्लेक्टर मात्र हॅलोजनच्या तारेसाठी बनवलेला. त्यात दुसरा बल्ब घातला की उजेड जागेवर न पडता वर आणि सगळीकडे फाकतो.

हे ऐकून मी गप्प झाले. रात्री समोरचे गाडीवाले आम्हाला डिपर मारत, तेव्हा "काय उद्धट लोक!" असं मी कितीदा म्हटलं होतं. ते बिचारे डोळे दिपून सांगत होते, आम्हाला दिसत नाही हो. मुंगी चुकवून पाऊल टाकायला शिकलेलो आपण, आणि सात वर्षं समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारत फिरत होतो.

घरी येऊन वही काढली. बी.कॉम.ची सवय जात नाही.

किट 3,200, पहिला बॅलास्ट 1,100, बल्ब 700, दुसरा बॅलास्ट 1,200. एकूण 6,200 रुपये.

हे म्हणाले, "एवढे घातलेत, अजून एक बॅलास्ट घालून बघू." मी म्हटलं, "अहो, हा बुडीत खर्च. गेलेले पैसे पुढच्या निर्णयात धरायचे नसतात." कॉलेजात पाठ केलेलं वाक्य चाळीस वर्षांनी कामाला आलं.

हॅलोजनचे दोन बल्ब 420, नवे होल्डर 160, मजुरी 300. एकूण 880. बल्ब साधेच घेतले, डिपरला 55 वॉटचे आणि अप्परला 60. जास्त वॉटचे घातले तर जुनी वायर आणि होल्डर तापून वितळतात. इलेक्ट्रिशियनने काचेला बोट लावू दिलं नाही. बोटाचं तेल लागलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. दिव्यावरचं पिवळं पडलेलं प्लास्टिक पॉलिश केलं, बॅटरीपासून थेट रिले जोडला आणि संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून फोकस लावून दिला. ही शेवटची तीन कामं झाली म्हणूनच हॅलोजन मिणमिणता वाटला नाही.

मुलाला फोन मीच केला. ट्रॉलीचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, तेव्हाच का नाही सांगितलं?" खरंच, का नाही सांगितलं? त्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही दोघं अंधारात गाडी चालवत राहिलो.

आता उजेड पिवळसर आहे आणि पूर्वीइतका लांब जात नाही. म्हणून हे गाडी हळू चालवतात आणि आम्ही शक्यतो दिवसाउजेडी परततो. परवा नाइलाजाने रात्र झाली, तर सांगलीपर्यंत कोणी एकदाही डिपर मारला नाही.

तुमच्या गाडीत असं किट असेल तर आज अंधार पडल्यावर समोर उभं राहून एकदा बघा. तुमचेच डोळे दिपले, तर इलेक्ट्रिशियनकडे जाऊन या. आणि मुलांना खरं सांगा.

जय जिनेंद्र.