उटीचा पक्षी, मुन्नारचा पक्षी

दक्षिण हिंदुस्थानची सहल काढलीत, तर उटी आणि मुन्नार दोन्ही पाहा. चहाचे मळे, धुके, थंडी दोन्हीकडे सारखीच. पक्षी मात्र वेगळे!

आम्ही दोघी निवृत्त नर्स. कोचीनचे सिनेगॉग पाहायला निघालो, तेव्हा वाटेत उटी केली. तिथे कुंपणावर लाफिंग थ्रश दिसला. हनुवटी काळी, छाती विटकरी, डोळ्यावर पांढरी भुवई आणि आवाज खो खो हसल्यासारखा. मग घाट उतरून कोइंबतूर आणि पालघाटच्या खिंडीतून आगगाडीने केरळात. खिंड कसली, 30 ते 40 किलोमीटर रुंद सखल मुलूख! भातशेती, ताडाची झाडे आणि उकाडा. पुढे मुन्नारला चढलो, तर तिथल्या लाफिंग थ्रशची छाती राखाडी आणि हनुवटीला काळे नाही.

मुलांनो, हे पक्षी थंड डोंगरमाथ्यावरचे. तिथल्या घळीतल्या दाट रानाला शोला म्हणतात (शोले सिनेमा नव्हे!). खालच्या उकाड्यात ते उतरत नाहीत, म्हणून खिंड त्यांना समुद्रासारखी. लाखो वर्षे अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे.

हे रक्तावरून कळले. शास्त्रज्ञ बारीक जाळ्यात पक्षी धरतात, पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतात आणि त्याला सोडून देतात. थेंब पुरतो कसा? माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते, पक्ष्याच्या असते. त्यामुळे एवढ्याशा रक्तात भरपूर डीएनए मिळतो. आयुष्यभर आम्ही बाटल्या भरभरून रक्त काढले, आमच्या पेशंटांना हे ऐकून हेवाच वाटेल!

व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी अशा 23 जातींचे डीएनए ताडून पाहिले. सर्वांत जास्त जाती दुभंगल्या त्या पालघाटच्या खिंडीने. 2017 मध्ये त्यांनी इथल्या निळ्या रॉबिन पक्ष्यांना शोलिकोला हे नवे कुळनाव दिले. (रॉबिनसाहेबांनी रॉबिनच शोधावा, गंमतच!) दक्षिणेला शेंकोट्टा खिंडीपलीकडे अशंबू डोंगर आहेत. तिथला निळा रॉबिन तोवर शेजाऱ्यांतच मोजला जाई. तोही स्वतंत्र जातीचा ठरला.

काळजी इथेच आहे. शोला आणि गवताळ माळ मोडून चहा, निलगिरी, वॅटल लावले गेले. एका डोंगरावरचा पक्षी संपला, तर दुसऱ्या डोंगरावरून आणून भरपाई होणार नाही; तो पक्षीच निराळा.

मुन्नारला सकाळी सहाला बाहेर पडा, मळ्याच्या कडेला ते हसताना ऐकू येतात. स्वेटर विसरू नका.