एकावर भागतं का?

चि. सुहास,


एका वृषणावर बाप होता येतं का, हे लग्नाच्या बोलण्याआधी तू जे विचारलंस, ते घरच्या गोतावळ्यात फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग तुला डोपिंगमुळे ठाऊक असेल. ऑक्टोबर १९९६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्याला वृषणाचा कर्करोग झाल्याचं कळलं. तो फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पोचला होता. एक वृषण काढलं. केमोथेरपी सुरू होण्याआधी त्याने शुक्राणू गोठवून ठेवले. १९९९ मध्ये त्याला मुलगा झाला आणि २००१ मध्ये जुळ्या मुली, त्या गोठवलेल्या शुक्राणूंपासून, आयव्हीएफने. पुढे २००९ मध्ये मात्र त्याला कुठल्याही उपचाराविना मुलगा झाला.

त्याच्या बाबतीत मोठा धोका होता तो केमोथेरपीचा, एक वृषण गेल्याचा नव्हे. म्हणून डॉक्टर आधी विचारतात ते हे, की दुसरं का गेलं?

निरोगी वृषण एकटंही रोज कोट्यवधी शुक्राणू तयार करतं. गरज पडली तर पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक जास्त सोडून त्याच्याकडून अधिक काम करून घेते. वीर्यही निम्मं होत नाही, कारण त्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेटमधून येतो.

जन्मतः एका बाजूचं वृषण खाली न उतरलेल्या आणि लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांचा अभ्यास अमेरिकेत पिट्सबर्गला झाला. मुलासाठी प्रयत्न केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के बाप झाले. हा त्रास नसलेल्यांत हे प्रमाण ९४ टक्के होतं. दोन्ही बाजूंना दोष असलेल्यांत मात्र ते ६५ टक्क्यांवर आलं.

तुझं तर पीळ पडल्यामुळे काढावं लागलं. तेव्हा वीर्यतपासणी करून घे, म्हणजे शंका उरणार नाही. त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा आहे. पण ती पास-नापासाची रेघ नव्हे. वर्षभरात ज्यांच्या बायकांना दिवस गेले, अशा पुरुषांपैकीही शेकडा पाच जण तिच्याखाली होते. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. अलीकडे मोठा ताप येऊन गेला असेल तर आकडा घसरलेला दिसेल, मग तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

आणखी एक. पीळ पडलेलं वृषण काढताना दुसरंही टाके घालून जागेवर पक्कं करतात. तुझं केलं होतं का, हे जुन्या डिस्चार्ज कार्डावर बघ. सापडलं नाही तर युरॉलॉजिस्टला विचार. आणि तिथे कधी अचानक जोरात दुखलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठ. पीळ सोडवायला साधारण सहाच तास हातात असतात.

तुझा,
मामा