उमेदवारी

गेल्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. ते सुतारकाम करतात. मुलगा स्थापत्यशास्त्रांत पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेला. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठानें त्याला डॉक्टरेटच्या संशोधनासाठीं बोलाविलें होतें. पित्याची मुद्रा मात्र चिंताक्रांत होती. "मास्तर, कर्ज काढून शिकवला. आणखी चार वर्षें शिकत बसला, तर तें फेडायचें कोणीं?"

मीं मुलाचें पत्र वाचलें आणि त्यांस धीर दिला. डेल्फ्टची ही संस्था १८४२ सालीं अभियंते तयार करण्यासाठीं स्थापन झाली. डॉक्टरेट देण्याचा अधिकार तिला १९०५ सालीं मिळाला. ज्या देशाची सुमारें चतुर्थांश भूमि समुद्रसपाटीखालीं आहे, तेथें पाण्याचें शास्त्र हा जीवनमरणाचा प्रश्न होय. एखाद्या प्राध्यापकापुढें असा प्रश्न उभा राहिला, म्हणजे त्यासाठीं जागेची जाहिरात निघते. अर्जदाराचे गुण पाहतात. पण याच प्रश्नासाठीं आयुष्याचीं चार वर्षें कां द्यावयाचीं, हेंही त्यास लिहून कळवावें लागतें. निवड झालेला बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. पहिल्या वर्षाच्या सुमारास त्याच्या कामाची कसून पारख होते. तींत न उतरणाऱ्यास परतावें लागतें.

"म्हणजे उमेदवारीच कीं, मास्तर!" ते उद्गारले.

"होय. पण तुमच्या मिस्त्रीला खुर्ची कशी करावी हें ठाऊक होतें. येथें गुरूलाही उत्तर ठाऊक नसतें."

शेवटची परीक्षा तर भर सभेंत होते. प्रबंधाबरोबर कांहीं स्वतंत्र विधानेंही मांडावीं लागतात, व त्यांचेंही समर्थन करावें लागतें. परीक्षक प्रश्न विचारीत राहतात. बरोबर एका तासानें दंडधारी अधिकारी आंत येऊन "होरा एस्ट", म्हणजे "वेळ झाली", असें लॅटिन भाषेंत पुकारतो, आणि प्रश्न थांबतात.

पत्राच्या शेवटीं मुलानें लिहिलें होतें : "सरांना सांगा, काठाजवळ गाळ कसा सांचतो याचाच शोध मला करावयाचा आहे." तें वाचून मी खालीं पाहूं लागलों. नववींत असतां हाच मुलगा उभा राहून म्हणाला होता, "सर, नदी मध्यें वेगानें वाहते आणि काठाशीं कां मंदावते?" मला उत्तर येत नव्हतें. तें कबूल करण्याऐवजीं मीं म्हटलें होतें, "हें परीक्षेला येत नाहीं. खालीं बैस."

तो खालीं बसला. पण त्यानें प्रश्न सोडला नाहीं, हें माझें भाग्य!

वडिलांनीं संमति दिली व मुलगा गेला. आतां माझ्या मेजावर एक वही असते. ज्या प्रश्नाचें उत्तर मला येत नाहीं, तो विचारणाऱ्याच्या नांवासह तींत लिहितों. पालकहो, मुलांचे गुण अवश्य विचारा. पण आज त्यानें कोणता प्रश्न विचारला, हेंही घरीं विचारीत जा.